शिशाला कुलूप

"मॅडम, तुमचे जंतू शिसं खातात, तर मग शी कुठे करतात?"

अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. मधल्या सुट्टीत "विचारून दाखव, नाहीतर तू भित्री!" असं डिवचणाऱ्या तिघी बाकाखाली तोंड लपवून खिदळत होत्या. विचारणारी मात्र ताठ उभी. गेल्या वर्षापर्यंत 'हजर' म्हणतानासुद्धा हिचा आवाज दोन बाकांपलीकडे जात नसे. मग एकदा वक्तृत्व स्पर्धेत चुकून बक्षीस मिळालं आणि घशातलं बूच जे उडालं ते कायमचंच. आता मैत्रिणी तिला तोफ म्हणत.

मातीचं संशोधन करणाऱ्या पाहुण्या मॅडम हसल्या नाहीत.

"बसू नकोस, उभीच राहा. सकाळपासून एवढे वर्ग झाले, नेमका प्रश्न हिनेच विचारला! अगं, माझे जंतू शिसं खात नाहीत. आपण त्यांना गुळाचं पाणी पाजतो. मग ते सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सोडतात. तो वायू मातीतल्या शिशाला घट्ट धरतो, त्याचे काळे कण होतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून मुळांना सहजी शोषता येत नाहीत."

"म्हणजे शी हेच खरं काम?"

"अगदी तेच!"

"मग शिसं जातं कुठे?"

"कुठेच नाही. तिथेच राहतं, कुलूपबंद. पण माती चिखलासारखी ओली ठेवावी लागते. वाळली, हवा शिरली, की कुलूप उघडलं."

जाताना मॅडमनी सगळ्यांना नंबर घातलेल्या पिशव्या दिल्या. घराजवळची मूठभर माती आणायची. तोफेने परसातल्या भाजीच्या वाफ्यातली आणली, तीही ऐटीत. आईचा वाफा म्हणजे काय, गल्लीत असा हिरवागार दुसरा नव्हता!

पुढच्या खेपेला मॅडमनी फळ्यावर फक्त नंबर लिहिले, त्यापुढे शिशाचे आकडे. एक आकडा बाकीच्या आकड्यांना खाली मान घालायला लावेल एवढा मोठा.

"कुणाची गं ही?"

"कुणाच्या घरी विष पिकतंय?"

गेल्या वर्षीची ती असती तर नंबर गिळून बसली असती. तोफेने हात वर केला. "माझी."

या वेळी कुणीच हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, "बाबा काय करतात गं?"

"बॅटऱ्यांचं काम. जुन्या फोडून शिसं वितळवतात. पण ते शेडमध्ये, मॅडम! वाफा तर पार दुसऱ्या टोकाला..."

बोलता बोलता तोफ अडखळली. तिला सुपली आठवली. आई रोज संध्याकाळी शेड आरशासारखी लख्ख झाडायची आणि करडी धूळ सुपलीत भरून वाफ्यात टाकायची. राख म्हणे झाडांना चांगली. आणि त्याच वाफ्यात तिचा नुकता चालू लागलेला भाऊ, ज्याला लाडाने गोळ्या म्हणत, मुठी भरभरून माती खायचा. सगळे हसायचे. तीही.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आधी रक्त तपासा, बाळाचं सगळ्यात आधी. भाजी बंद. परस दिलंत तर जंतू सोडून बघू, पण यश येईलच असं नाही. आणि वरून नवीन शिसं पडत राहिलं, तर माझे जंतू बिचारे काय करणार?"

घरी पोचली तेव्हा आई शेड झाडून सुपली घेऊन निघालीच होती.

"आई, थांब! टाकू नकोस!"

तोफेने एका दमात सगळं सांगितलं. बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"शाळेत काय काय शिकवतात! अगं, या शिशावरच तुझं दप्तर आलंय."

"माहीत आहे, बाबा. तुम्ही बॅटऱ्या दुरुस्त करा, चार्ज करा, विका. फक्त फोडणं आणि वितळवणं इथे नको."

"सोपं आहे होय बोलायला!"

"नाहीये. म्हणून तर पळत आले."

 आई मात्र भरलेली सुपली दोन्ही हातांत धरून अंगणाच्या मधोमध उभी होती. धूळ कुठे टाकावी ते तिला कळत नव्हतं.

"माझ्याच हातांनी गं?" ती म्हणाली. "घाण राहू नये म्हणून तर झाडत होते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग वाफ्यात बसलेल्या गोळ्याकडे. त्यांनी हातातला बॅटऱ्या फोडायचा हातोडा शेडच्या उंच फळीवर ठेवला, कोपऱ्यातलं झाकणाचं पिंप ओढत आणलं आणि झाकण उघडून धरलं. आईने सुपली हळूच त्यात रिकामी केली.

तोफेने गोळ्याला उचलून कडेवर घेतलं, त्याची मूठ सोडवली, बोटं एकेक करून पुसली.

"आता ऐका दोघंही," ती म्हणाली. आवाज शेजारच्या घरापर्यंत जाईल एवढा होता. "उद्या सकाळी आपण चौघं दवाखान्यात जायचं. आणि वाफा मी मॅडमना जंतूंसाठी देऊन टाकलाय. कुंपण घालायचं, वाफ्याला पाणी मी घालणार, रोज. सडक्या अंड्यांचा वास सुटला तर सुटू दे."