आधी चूक, मग काम

बाबा गेल्यावर मी रजा काढून घरी राहिले. आईला सोबत हवी, असं मी सगळ्यांना सांगितलं. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं की लेकीला एकटं वाटेल म्हणून ठेवून घेतली आहे. दोघींचंही खरं असावं.

बाबा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या मुलांसाठी युवा मंडळ सुरू केलं. मंडळ म्हणजे आमच्या परसातली पत्र्याची शेड, तिच्यात एक शेळी, काही कोंबड्या आणि भरपूर आरडाओरडा. प्रत्येकाने एखादं काम शिकायचं आणि वर्षाअखेर ते परीक्षकांपुढे करून दाखवायचं. परीक्षकांचं समाधान झालं तर मंडळ चालू, नाहीतर ते बाजारगावच्या मोठ्या मंडळात विलीन. यंदा बाबा नव्हते, त्यामुळे युवा मंडळांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी येऊन ‘विलीन’ हा शब्द आधीच दोनतीनदा उच्चारून गेले होते. बाजारगावची गाडी ड्रायव्हरला लहर येईल तेव्हा सुटते. विलीन होणं म्हणजे मुलांनी घरी बसणं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मला ते वकिलिणीने समजावलं. ती पंधरा वर्षांची. बादली धुण्याची पाळी आपली का नाही, यावर तिने एकदा इतका बिनतोड युक्तिवाद केला की बाबांनी स्वतः बादली धुतली आणि तिला हे नाव दिलं. तिच्यामागे लांब्या उभा होता, जो शेडमध्ये शिरताना सवयीने वाकतो आणि बाहेर पडताना सवयीने डोकं आपटतो. त्याच्यामागे गप्पी. गप्पी काही बोलली नाही.

वकिलीण म्हणाली की मी नुसतं समोर बसून चुका काढायच्या. छापखान्यात तेच तर करता ना, ताई? मी प्रुफं तपासते. हे वर्णन काही अगदी चुकीचं नव्हतं.

तालमीला पहिला लांब्या आला. त्याने शेळीचे खूर कापून दाखवायचे होते. तो ऐटीत शेळीच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला, पाय धरला, आणि शेळीने दुसऱ्या पायाने बादली उडवली. लांब्या ओल्या पँटने शांतपणे म्हणाला, “झालं. आता बघा हे गाढव काय करतं.” मग तो शेळीच्या कुशीला गेला, तिला भिंतीशी टेकवलं आणि सगळे खूर सफाईने कापले.

असं होतं कधीकधी, मी म्हटलं, पुन्हा सुरुवातीपासून कर. त्याने बादली भरून आणली आणि पुन्हा नेमका शेळीच्या मागे जाऊन उभा राहिला.

मग वकिलिणीने लिंबाचं कलम बांधताना काडी उलटी खोचली, काडीचे डोळे, म्हणजे कोंब, जमिनीकडे करून, आणि गंभीर चेहऱ्याने स्वतःला गाढव म्हणवून घेतलं. गप्पीने अंडी उबवायची खोक्याची पेटी केली होती, आत बल्ब आणि पाण्याची वाटी. तिने अंडी निमुळतं टोक वर करून मांडली, थोडं थांबून पुटपुटली, “आता बघा हे गाढव काय करतं,” आणि एकेक अंडं पालथं केलं.

मी विचारलं, हे काय चाललं आहे? तिघं माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी आंघोळीला पाणी कशाला असं विचारलं होतं. वकिलीण म्हणाली, ही पहिली पायरी आहे. आधी चूक, मग काम. काका असंच करायचे.

आईला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. “मुद्दाम करायचे ते,” ती म्हणाली. “म्हणायचे, बरोबर केलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, दुसऱ्याची फजिती जन्मभर राहते.”

“आणि मुलांनाही तसंच शिकवलं?”

“ते कसे शिकवायचे ते काय तुला ठाऊक नाही? सायकल शिकवताना आधी स्वतः पडले होते.”

मला ते आठवत होतं. ते मुद्दाम पडले होते, हे मात्र मला आत्ता कळलं. मी आईच्या ताटातली थोडी भाजी ओढून घेतली आणि आम्ही दोघी बराच वेळ निवडत बसलो.

पण परीक्षकांना हे कोण सांगणार? त्यांना दिसणार सांडलेली बादली. मी मुलांना बसवून सांगितलं की पहिली पायरी गाळायची. वकिलिणीने हरकत घेतली. मी ती फेटाळली. मग आम्ही आठवडाभर बरोबर काम करण्याचा सराव केला आणि तो बघवत नव्हता. लांब्या थेट कुशीला जायचा आणि शेळीलाही चुकल्यासारखं व्हायचं. खूर कापून झाले की तो बादली उचलून चालू लागायचा. वकिलीण, जी गप्प बसणं हा अन्याय मानायची, ती कलम बांधून नुसती उभी राहायची. गप्पी मांडलेली अंडी पुन्हा पुन्हा मोजायची. चूक मात्र एकही होत नव्हती. काम असं बिनचूक की बघणाऱ्याला डुलकी लागावी.

प्रात्यक्षिकं बाजारगावच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. परीक्षक बाई वयस्क, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, चेहरा इस्त्री केल्यासारखा. अधिकारी त्यांच्या शेजारी बसून आमच्याकडे आत्ताच दुखवट्याला आल्यासारखे बघत होते. आधी बाजारगावचं मंडळ झालं. त्यांच्या मुलाने रंगीत तक्ते लावून मधमाश्यांवर घडाघडा भाषण केलं. बाईंनी विचारलं की पोळं हाताळताना काही बिघडलं तर काय करतोस? तो म्हणाला, आमचं बिघडत नाही. बाईंनी जांभई ओठांतच दाबली.

मग आमचं. लांब्याने खूर कापले. वकिलिणीने कलम बांधलं. दोघांनी नमस्कार केला आणि दोघं बाजूला झाली. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं. गप्पीने पेटी उघडली, अंडी बरोबर मांडली आणि झाकण लावून उभी राहिली.

“पिल्लू कवच फोडतंय,” बाईंनी विचारलं. “धडपडतंय, पण बाहेर येता येत नाही. तू काय करशील?”

गप्पीने माझ्याकडे बघितलं. हा तिच्या पहिल्या पायरीतला भाग होता. मीच तो गाळला होता. प्रुफात गाळलेला मजकूर परत घ्यायचा तर त्याखाली टिंबं द्यायची असतात. इथे माझ्याकडे नुसती मान होती. मी ती हलवली.

गप्पीने एक वांझ अंडं हातात घेतलं. “आता बघा हे गाढव काय करतं,” ती म्हणाली, आणि ‘करतं’वर बाबांसारखाच आवाज खाली टाकला. मी खिडकीच्या कडीकडे बघत राहिले. नखाने तिने कवचाचा टवका काढला, मग दुसरा, अगदी मायेने, आणि बाईंकडे वळून म्हणाली, “मेलं.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“घाई केली की मरतं. त्याची तयारी झालेली नसते. म्हणून हे करायचं.” ती खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि पेटीकडे बघू लागली. नुसती बसून राहिली. बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांचेही हात हळूच टेबलाखाली गेले.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. वकिलिणीने पुढे येऊन बाईंची परवानगी मागितली, ती मिळायच्या आत कलम सोडलं आणि काडी किती प्रकारे चुकीची बसवता येते ते दाखवलं. प्रत्येक प्रकारासोबत आपली बाजूही मांडली. लांब्या शेळीच्या मागे गेला. बादलीचं पाणी अधिकाऱ्यांच्या बुटांपर्यंत पोचलं. “झालं,” लांब्या त्यांना म्हणाला, “पण आता तुम्ही शेळीच्या मागे कधी उभे राहणार नाही.” मागच्या बाकांवरची मुलं पुढे येऊन उभी राहिली, मधमाशीवालासुद्धा. त्याने वकिलिणीला हळूच विचारलं की माशी चावली तर तुम्ही लोक काय करता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, हे मंडळ आहे तिथेच राहील. बूट झटकत अधिकारी म्हणाले की नियमाने मार्गदर्शक लागतो, आणि यांना मार्गदर्शक नाही. “आहे ना,” वकिलीण म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी तोंड उघडेपर्यंत बाईंनी सही केली होती.

परतताना टेम्पोत मागे आम्ही चौघं आणि शेळी. मी मुलांना समजावलं की माझं काम शहरात आहे, फार तर शनिवारी येता येईल, आणि मुख्य म्हणजे मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. कोंबडीला कुठून धरायचं हेसुद्धा नाही. मी काय शिकवणार?

लांब्याने विचार केला. मला धीर द्यावा असं त्याला वाटत असावं.

“ताई, काकांना चुका मुद्दाम कराव्या लागायच्या,” तो म्हणाला. “तुम्हाला तेवढा त्रास नाही.”

शेळी माझ्या पदराचं टोक चघळत होती. ते मी सोडवून घेतलं आणि विचारलं, शनिवारी किती वाजता.