काळ्याभोर डोळ्यांची माणसं

सरकारी हॉस्पिटलातल्या प्लास्टरच्या खोलीत ती सोळा वर्षं काम करत होती आणि लहानथोर सगळे तिला प्लास्टरताईच म्हणत. डॉक्टर पाळीप्रमाणे बदलत, नर्सच्या बदल्या होत. पण मोडलेलं हाड कुणाचंही असो, ते शेवटी हिच्याच टेबलावर यायचं. ओल्या पट्ट्या गुंडाळता गुंडाळता ती पेशंटला बोलतं करी. दुखण्यावरून त्याचं लक्ष उडावं हे एक कारण. दुसरं म्हणजे तिला मुळातच चौकशा करायची खोड. कुठे पडलात, तिकडे काय काम होतं, बरोबर कोण होतं? घरी आल्यावरही ती तेच सांगत बसे. सासूबाई म्हणायच्या, "तू हाडं जोडतेस की जबान्या घेतेस?"

गाडीने उडवलेली पायी माणसं रोजच यायची. एवढ्या मोठ्या शहरात त्याचं कुणाला नवल वाटत नसे. पण गेल्या दोन महिन्यांत आलेल्या चारजणांनी प्लास्टरताईच्या डोक्याला भुंगा लावला होता. चौघांना एकाच रस्त्यावर धक्का बसला होता, तोही दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान. आणि चौघांच्याही डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या झालेल्या, की डोळे नुसते काळेभोर दिसत. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिली, बाहुल्या आकसेनात. डोक्याला मार असणार म्हणून धावपळ करून स्कॅन काढला, तर डोकं ठणठणीत. दर वेळी डॉक्टर वेगळा असल्यामुळे प्रत्येकाला वाटलं, असेल एखाद्याचं असं. चौघांनाही पाहिलेली एकटी हीच.

पाचवा आला तो एक म्हातारा शिंपी. नडगी मोडलेली, डोळे तसेच काळेभोर. प्लास्टर झाल्यावर तिने सहीसाठी कागद पुढे केला.

"सही कुठे करू, ताई? सगळी अक्षरं पसरलीत."

"चष्मा फुटला का काका?"

"नाही हो, हा काय नाकावर. डोळ्यांत औषध घातलंय ना तपासायला. उतरेल तासा-दोन तासांत."

तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "हे तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी पाय कसा मोडला ते विचारलं," शिंपीकाका साधेपणाने म्हणाले. "डोळ्यांचं कुणी विचारलं?"

आधीच्या चौघांपैकी दोघं त्याच आठवड्यात प्लास्टर दाखवायला आले. तिने दोघांनाही आडून आडून नाही, सरळच विचारलं. दोघंही डोळ्यांच्या दवाखान्यातूनच बाहेर पडले होते. हा दवाखाना पूर्वी एका गल्लीत होता आणि बसथांबा अगदी दारात. अडीच महिन्यांपूर्वी तो मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेला. जागा ऐसपैस मिळाली, पण थांबा पडला रस्त्याच्या पलीकडे.

दुसरं कुणी असतं तर एवढ्यावर थांबलं असतं. पण औषध घातलेल्या डोळ्यांना रस्ता दिसतो तरी कसा, हे स्वतः पाहिल्याशिवाय हिला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी तिने डोळे तपासायची वेळ घेतली आणि सासूबाईंना बरोबर घेतलं. सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर; कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

"तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या.

"काहीच नाही. पण रस्ता ओलांडेपर्यंत माझा हात सोडू नका."

"इतकी वर्षं तू मला धरून नेतेस. बघू या उलटं कसं वाटतं ते."

औषध झोंबलं, तासभर बाकावर बसावं लागलं, तपासणी झाली. दाराबाहेर पाऊल टाकलं मात्र, उन्हाचा भपकाराच आला तोंडावर. समोरचं सगळं पांढरंफटक. झाडं कळत होती, थांब्याचं छप्पर कळत होतं, पण रस्ता आणि त्यावरच्या राखाडी, चंदेरी गाड्या एकमेकांत विरघळून गेलेल्या. ती डोळे किलकिले करून थांबली. उजवीकडे एक गाडी होती, पण चांगली लांब. ती फुटपाथवरून खाली उतरली.

सासूबाईंनी दंडाला असा हिसडा दिला, की ती मागे धडपडलीच. वाऱ्याचा झोत अंगावरून गेला.

"दिसली नाही तुला?"

"दिसली. पण लांब होती."

"लांब? तिचा आरसा माझ्या पिशवीला घासून गेला!"

प्लास्टरताई मरता मरता वाचली होती. आणि तरीही त्याच क्षणी, कोडं सुटलं म्हणून तिला आनंद झाला. त्या आनंदाची तिला नंतर फार लाज वाटली. सासूबाई मात्र तिला धरून माघारी फिरल्या आणि थेट दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही प्रत्येकाला बजावतो, येताना कुणाला तरी सोबत आणा म्हणून."

"आणि ज्याला सोबत आणायला कुणीच नाही, त्याने काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी त्या दिवशीचं रजिस्टर मागवलं. औषध घातलेले सव्वीस पेशंट; त्यांतले अकरा एकटे. बाईंनी त्या अकरा नावांखाली रेघ ओढली. पाच अपघातांतलं एकही माणूस पुन्हा त्यांच्याकडे आलं नव्हतं, त्यामुळे इथे कुणाला पत्ताच नव्हता.

पुढच्या आठवड्यापासून एकट्या पेशंटांना दवाखान्यात तासभर जास्त बसवायला लागले. दर अर्ध्या तासाने रखवालदार लाल झेंडी घेऊन निघे, मागे काळे चष्मे लावलेली पाच-सात माणसं. त्यांना पलीकडे पोचवून तो बस येईपर्यंत गप्पा मारत उभा राही. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असे: डोळ्यांत औषध घातलं आहे, अमुक वाजता. म्हणजे कुठे काही झालंच, तर डॉक्टर उगाच डोक्याच्या स्कॅनमागे लागणार नाहीत. सिग्नलसाठी महापालिकेकडे अर्ज गेला. तिथून पांढरे पट्टे तेवढे आले, तेही सहा महिन्यांनी.

या सहा महिन्यांत काळेभोर डोळे घेऊन एकच पेशंट आली. मनगट मोडलेली एक शिवणशिक्षिका. कार्ड तिने स्वतःहून पुढे केलं.

"मग थांबला का नाहीत?" प्लास्टरताईने पट्टी भिजवत विचारलं.

"मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. फाटकाशी एकटी उभी राहिली असती."

त्या संध्याकाळी प्लास्टरताईने डॉक्टरीणबाईंना फोन केला. आता तिथल्या खिडकीवर वेळ देतानाच विचारतात, घरी किती वाजता पोचायचंय? ज्यांना घाई असते, त्यांचा नंबर सकाळी पहिला लावतात.