रिकाम्या खुर्चीचं उड्डाण

तुमच्या माणसावर कोणी खोटा आळ घेतला, तर तुम्ही किती दिवस गप्प बसाल?

मी एक विमान बोलतोय. मी अख्खा हिवाळा गप्प बसलो. राग विझला म्हणून नव्हे, संधी मिळत नव्हती म्हणून.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफॉन्टेन शहराच्या बाहेर, मक्याच्या शेतांना लागून असलेल्या शेडमध्ये माझा जन्म झाला. धावपट्टीशिवाय सरळ वर उठायचं आणि मग पंखांवर पुढे निघायचं, अशी माझी घडण. उठताना बॅटरी पंखे फिरवायची. वर गेलं की शेपटाकडचं लहान इंजिन वीज बनवून पंख्यांचा भार घ्यायचं. नऊ माणसांना किम्बर्लीच्या, वेल्कमच्या एखाद्या मैदानात नेऊन उतरवायचं, हे माझं स्वप्न. माझं आणि पुलेंगचं.

पुलेंग माझी पायलट. आत बसली की म्हणायची, "चल रे बाळा, सांभाळून." मला दुसरं कोणी कधी बाळ म्हटलं नाही.

मालक रियान साहेब. त्यांना सगळ्याची घाई. माझ्या चाचण्या त्यांनी पहाटेच्या गारव्यात उरकल्या. बॅटरीवरून इंजिनावर भार जाताना मागची तार तापते, एकदा भर उन्हात तपासू या, असं पुलेंगने सांगून पाहिलं. ऊन सोसत नसेल तर छत्री पाठवतो, म्हणाले.

मग एक बडे पाहुणे उशिरा आले आणि साहेबांनी आम्हाला ऐन दुपारी वर पाठवलं. तार जळाली, डावे पंखे थांबले. पडता पडताही पुलेंगने मला माणसांपासून दूर, मक्यात नेलं. तिचं कंबरेचं हाड मोडलं. साहेबांनी सांगितलं, पायलटची चूक. तिचा परवाना गेला.

मला दुरुस्त केलं, तार मात्र तशीच घातली. साहेब एकदा तरी माझ्यात बसावेत, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. पण ते शहाणे, कधी बसले नाहीत.

उन्हाळ्यात मोठा कार्यक्रम ठरला. कोणी पायलट तयार होईना, म्हणून संगणकच मला उडवणार होता. वेळ सकाळची. पण आमच्याकडे कार्यक्रम कधी वेळेवर सुरू झालाय? आधी महापौरबाईंची वाट पाहणं, मग प्रार्थना. मग प्रत्येक वक्ता मान्यवरांची नावं पदांसकट घेणार, एकही सुटायचं नाही. सगळ्यात लांब भाषण साहेबांचं. मी उन्हात भाजत होतो, आत तार तापत होती. बोला साहेब, अजून बोला, मी मनात म्हणत होतो.

पुलेंग कुबडी घेऊन कुंपणाबाहेर उभी होती. तिला बोलावणं नव्हतंच. निखाऱ्यांवर सॉसेज भाजणारा एक जण म्हणाला, "बाई, जरा लांब उभी राहा. तुझी नजर लागायची."

"माझी नजर लागत असती, तर आधी तुझी शेगडी विझली असती," ती म्हणाली.

तिकडे साहेब सांगत होते, "आज आत माणूसच नाही. म्हणजे माणसाची चूक होण्याचा प्रश्नच नाही."

टाळ्या पडल्या. बटण त्यांनी स्वतः दाबलं.

मी उठलो. निलगिरीच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर थांबलो. इंजिनाने भार घेतला. दात आवळून धरलं असतं, तर तार थोडी टिकली असती. मी धरलं नाही.

रिकाम्या मैदानात मी आदळलो. कोणाला खरचटलंही नाही. धूळ खाली बसली, तेव्हा कुंपणावरून पुलेंगने विचारलं, "साहेब, आत कोण होतं?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. महापौरबाईही त्यांच्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"कोणीच नाही," साहेब म्हणाले. माइक अजून त्यांच्या हातातच होता.

आता माझा कणा मोडलाय, मी पुन्हा उठणार नाही. मला त्याचं दुःख नाही. तुम्ही माझं भावंड बनवाल तेव्हा एवढंच करा, त्याला आधी उन्हात उभं करा आणि त्याच्या पायलटचं ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीचे अधिकारी आले, त्यांनी जळालेली तार काढून नेली आणि पुलेंगचं प्रकरण पुन्हा उघडलं.