माझ्या खाचांमधले पीठ

मित्रांनो, मला जुना म्हणावे की नवा, हे माझे मलाच नीट ठरवता येत नाही. आहे मी वॉफलचा साचा. दोन चौकोनी लोखंडी तवे तोंडाला तोंड लावून बसवलेले, मध्ये बिजागरी, मागे लाकडी मुठीचे दोन लांब दांडे. तव्यांच्या आतल्या बाजूला खोल खाचा. त्यात सरसरीत पीठ ओतायचे, मला मिटायचे, एक बाजू भाजली की विस्तवावरच उलटे करायचे. थोड्या वेळात चौकटी-चौकटींचा वॉफल तयार. काम एवढेच. पण एवढ्याशा कामात मी एका मुलीच्या जिवावर उठलो होतो, आणि नंतर पुन्हा उठणार होतो. तेव्हा माझ्या मनात जी भीती शिरली ती अजून गेलेली नाही. तिचीच ही गोष्ट.

मला घडवले एका ओतारी माणसाने. लोखंड वितळवून ओतायचे हाच त्यांचा धंदा. त्यांनी आयुष्यभर यंत्रांची चाके आणि नळांची तोंडे ओतली, पण स्वतःच्या घरासाठी ओतले ते फक्त मला. मी त्यांचे शेंडेफळच म्हणा ना. त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत होता. दर रविवारी सकाळी त्यांची बायको गव्हाच्या पिठात दूध, अंडी आणि लोणी घालून फेसायची आणि मी भाजून द्यायचो. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "अहो, वास पाठवता तसा एखादा तुकडाही पाठवा की!" असे कोणी म्हटले की मी आणखी तापायचो.

ओतारीबुवांचा एक नियम होता. लोखंडाला साबण लावायचा नाही, नुसते फडक्याने पुसायचे. त्यामुळे मी काळाभोर आणि तुकतुकीत झालो. सगळे कौतुक करायचे. खाचांच्या कोपऱ्यांत दर रविवारचे थोडे पीठ आणि थोडे लोणी जळून चिकटत होते, थरावर थर चढत होते. त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. माझेही नव्हते.

वर्षे गेली. ओतारीबुवांची बायको गेली, मुलगा बस चालवू लागला, त्याचे लग्न झाले आणि घरात एक नात आली. ओतारीबुवा आता आजोबा झाले. ती रांगायला लागली तशी जमिनीवर पडलेला गोड कण शोधून थेट तोंडात टाकायची, म्हणून आजोबांनीच तिचे नाव मुंगी ठेवले.

मुंगी नऊ-दहा महिन्यांची असतानाची ती सकाळ. आतापर्यंत तिला डाळीचे पाणी आणि फळे एवढेच मिळाले होते. आजोबांनी माझ्यातला गरम वॉफल काढला, फुंकर मारून निववला, त्याचा नखाएवढा तुकडा केला आणि तिच्या तोंडात घातला. ती खुदकन हसली. आजोबाही हसले. आणि मग तिच्या ओठांभोवती लाल चट्टे उठले. ओठ सुजले. डोळे मिटत चालले. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

"अगं, हिला श्वास घेता येत नाहीये!" बाबा ओरडले.

आईने तिला उचलले आणि ती अनवाणीच पळाली. तिच्यामागे बाबा. आजोबा मात्र हातात उरलेला वॉफल धरून तसेच उभे राहिले. मी ओट्यावर तापलेला होतो, पण आतून पार गार पडलो. मित्रांनो, लोखंडाला ओरडता येत नाही, पळता येत नाही. वाट पाहता येते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली.

मुंगी वाचली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितले, गहू आणि दूध तिच्यासाठी विषासारखे आहे. पुढच्या तपासण्यांत तांदूळ, मका आणि बाकीची धान्येही नकोत असे निघाले. घरातले डबे रिकामे झाले. आईने कपाटे धुतली, नवी भांडी आणली. मला एका पिशवीत घालून माळ्यावर टाकले. आणि आजोबांनी त्या दिवसापासून मुंगीला स्वतःच्या हाताने काही म्हणजे काही भरवले नाही. ती जेवायला बसली की ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे.

माळ्यावर मी सहा-सात वर्षे पडून होतो. गंज चढला, बिजागरी आखडली. दुर्लक्षाचे दुःख होते का? खरे सांगतो, नव्हते. माळ्यावरून मला खालच्या मुलीचे धावणे ऐकू यायचे, आणि मी इथे आहे तोवर ती सुखरूप आहे, एवढे मला पुरे होते. भीती होती ती खाली उतरण्याची.

आणि एका सकाळी पिशवी उघडली गेली.

मुंगी सात वर्षांची झाली होती. शाळेत मैत्रिणीच्या डब्यात तिने वॉफल पाहिला होता. पाहिलाच फक्त, दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, हे तिला पाठ होते. घरी येऊन तिने विचारले, "बाबा, त्याच्या चौकटींत मध साठून राहतो म्हणे. खरं?" त्या एका प्रश्नाने बाबांना गलबलून आले असावे. आईने महिनाभर वाचून, विचारून एक कृती जमवली होती: बदामाचे पीठ, अंडी, नारळाचे दूध, खोबरेल तेल आणि पिकलेले केळे. या सगळ्या वस्तू मुंगीने आधी खाल्लेल्या होत्या. फुगण्यासाठी बेकिंग पावडर घ्यायची ठरली होती, पण आईने डबीमागची बारीक अक्षरे वाचली आणि डबी खाली ठेवली. तिच्यात मक्याचे पीठ होते. मग तिने खायचा सोडा आणि लिंबाचा रस घेतला. इतकी ती डोळ्यांत तेल घालून जपत होती!

पण मला खाली काढलेले तिने पाहिले नव्हते. ती बाजारात गेली असताना बाबांनी मला काढले, तारेच्या घासणीने गंज घासला, तेल लावले. "आईला चकित करू या," ते मुंगीच्या कानात म्हणाले. आईने भिजवलेले पीठ ओट्यावर तयार होते, नवा साचा दुपारी येणार होता. बाबांना दम निघेना.

मित्रांनो, गंज वरचा निघाला होता. खाचांच्या तळाशी माझे रविवार तसेच होते. गहू, दूध, लोणी, सगळे काळे होऊन बसलेले. बाबांनी विस्तव पेटवला. मी तापलो. ते थर सैल होऊ लागले. मी बिजागरी आखडून धरायचा प्रयत्न केला, पण तेलाने ती मऊ झाली होती. पीठ आत आले. वॉफल भाजला गेला, आणि निघताना त्याच्या कडेला एक काळा कण चिकटला. मला तो दिसत होता. बाबांना तो भाजल्याचा डाग वाटला.

ताटलीत वॉफल आला. मुंगीने तो उचलला. तोंडाजवळ नेला. वास घेतला.

आणि थांबली.

"बाबा, ह्या साच्यात आधी काय करायचे?"

हा प्रश्न तिच्या आईने तिला सगळीकडे विचारायला शिकवला होता. पाहुण्यांकडे, शाळेत, दुकानात. काही लोक हसायचे, काहींना तो आगाऊपणा वाटायचा. बाबा आधी हसलेच. "अगं, आपल्या घरातलाच आहे तो. आजोबांनी..."

आणि त्यांना ते गव्हा-दुधाचे रविवार आठवले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झडप घालून तो वॉफल हिसकावला, मुंगीचा हात नळाखाली धरला आणि साबणाने चोळला. "तोंडात गेलं का? जिभेला लागलं का? खरं सांग!"

"नाही हो बाबा. दुखतंय. हात सोडा ना."

तेवढ्यात आई आली. तिने ओट्यावर मला पाहिले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने मुंगीला मांडीवर घेतले, डॉक्टरीणबाईंनी दिलेली तातडीच्या इंजेक्शनची पेटी शेजारी ठेवली आणि घड्याळाकडे बघत बसली. एक तास. मुंगीला काही झाले नाही.

मग बाबांनी मला फडक्यात धरून उचलले. "भंगारात टाकतो हा."

"भंगारात नको," दारातून आवाज आला. आजोबा होते. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आले होते. "तिथून तो कुणाच्या तरी घरी जाईल. त्या घरातही एखादी मुंगी असेल. मी ओतलाय, मीच निस्तरतो."

"घासून निघेल का ते?" बाबांनी विचारले.

"घासून नाही. मोडून."

दुसऱ्या दिवशी आजोबा मला त्यांच्या जुन्या ओतशाळेत घेऊन गेले. मुंगी हट्टाने बरोबर आली. तिथला मुकादम आजोबांच्याच हाताखाली शिकलेला. एक कामगार कोपऱ्यात पाव खात होता. आजोबा त्याच्यावर खेकसले, "पाव घेऊन बाहेर हो! आणि हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस!" तो बिचारा घाबरून पळाला.

आजोबांनी ओलसर वाळू चाळली, ठोकून बसवली आणि माझे दोन्ही तवे एकेक करून तिच्यात दाबले. मला अलगद उचलले तेव्हा वाळूत माझा ठसा उरला होता. प्रत्येक खाच, प्रत्येक चौकट. मग त्यांनी हातोडा घेतला.

तेव्हा मला जी भीती वाटली ती सांगायला शब्द नाहीत. वाळूतला तो ठसा मी आहे की हातोड्याखालचा मी? तुकडे झाल्यावर आठवण कुठल्या तुकड्यात राहते? आजोबांचाही हात वर गेला तो तिथेच राहिला.

"आजोबा, त्याला दुखेल का हो?" मुंगीने विचारले.

"दुखेल," आजोबा म्हणाले. "पण तुला दुखण्यापेक्षा बरं."

हे ऐकले आणि मी मनातल्या मनात म्हटले, मारा.

पुढचे मला तुकड्या-तुकड्यांत आठवते. भट्टीचा पांढरा उजेड. खाचांमधले पीठ धूर होऊन गेले, धूरही जळून गेला. मी पाण्यासारखा झालो. मग कडछीतून वाहत मी माझ्याच ठशात शिरलो आणि निवत गेलो. निवताना लोखंड आक्रसते, त्यामुळे मी पूर्वीपेक्षा सूतभर लहान झालो. आजोबांनी मला कानशीने साफ केले, नवी बिजागरी, नवे दांडे आणि नव्या मुठी बसवल्या आणि खोबरेल तेल पाजले.

आईला तरीही धीर होईना. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "वितळलेल्या लोखंडात पीठ उरत नाही. पण औषध जवळ ठेवा आणि पहिल्यांदा थोडंच द्या."

पहिला वॉफल फाटला. बदामाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि बाबांनी घाई केली होती. "कडेची वाफ थांबेपर्यंत उघडायचा नाही," आई म्हणाली. दुसरा तिने स्वतः भाजला. वाफ थांबली. मी उघडलो. सोनेरी, अख्खा, सगळ्या चौकटी शाबूत.

मुंगीने तुकडा तोडून तोंडात टाकला. तीन माणसे तिच्या ओठांकडे बघत होती. चौथा मी. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मला माझ्या जुन्या जिवाची भीती वाटत होती. एखादा कण तर माझ्यात लपून राहिला नसेल ना?

"काय गं? काही होतंय का?" आईने विचारले.

"होतंय ना."

आजोबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मीठ कमी होतंय," मुंगी म्हणाली. "आणि मध कुठाय?"

बाबा मटकन खालीच बसले. आई रडायला लागली आणि रडता रडताच मधाची बाटली शोधायला लागली. आजोबा खुर्चीतून उठले. त्यांनी पिठाचे भांडे जवळ ओढले, चिमूटभर मीठ टाकले आणि पळी हातात घेतली.

आता मी एका वेगळ्या कापडात, वेगळ्या कप्प्यात असतो. माझ्या दांड्याला आईने चिठ्ठी बांधली आहे, "मुंगीच्या पिठाशिवाय दुसरं काहीही करू नये." पाहुणे मला बघून म्हणतात, "एवढं कशाला?" त्यांना मी काय सांगणार? मित्रांनो, तुम्हाला मात्र सांगतो. आम्हा भांड्यांना धुवा, पुसा, आमच्या खाचा उजेडात धरून बघा. तुमच्या वर्गात कोणी डबा उघडण्याआधी दहा प्रश्न विचारत असेल तर त्याला हसू नका. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही" असे म्हणा, अंदाजाने "चालेल" म्हणू नका. मी अजून भितो. दर वेळी तापताना भितो. तुम्हीही थोडे भीत जा.