उजवा गुडघा

गुडघ्याला बांधायच्या त्या रबरी गादीच्या आत एक खळगा पडला होता, आणि तो खळगा त्याचा होता – वर्षानुवर्षं लाद्या बसवताना त्याच्याच उजव्या गुडघ्याने तो पाडला होता. आता त्यात धाकट्या भावाचा गुडघा मापात बसला होता. सकाळपासून थोरला भिंतीशी काठी टेकून उभा होता, आणि नजर पुनःपुन्हा तिथेच जात होती.

“दादा, तू नुसतं उभ्याने सांग, टेकायचं काम माझं.” दवाखान्यातून घरी आणताना धाकटा म्हणाला होता. आत हाडावर हाड घासत होतं तेव्हा... कंबरेच्या हाडातला मगज काढून, त्यातल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून डॉक्टरीणबाईंनी त्याच्या उजव्या गुडघ्यात सोडल्या होत्या. तुमचंच बियाणं, तुमच्याच वावरात, असं म्हणून त्या हसल्या होत्या. आणि उगवलंही. मागच्या तपासणीला त्यांनी फोटोत दाखवलं, झिजलेल्या जागी नवी कूर्चा धरली होती, दुधावर साय धरावी तशी. आता थोडं थोडं टेकायला लागा, म्हणाल्या. घरी येऊन त्याने सांगितलं, अजून जपायला सांगितलंय.

का सांगितलं मी तसं? ती साय पुन्हा फाटेल ही भीती होती, खोटी नव्हती – पण अर्धीच. उरलेली अर्धी गोष्ट त्याला स्वतःशीही बोलवत नव्हती. उभं राहणं त्याला आवडायला लागलं होतं. जन्मभर लोकांची पायताणं बघितली. आता घरमालक डोळ्यात बघून बोलायचा, मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं, म्हणून विचारायचा. सुखाची चटक लागते म्हणतात ती अशी, भावाच्या गुडघ्यांवर... आणि लाज तर रोज वाटायची, पण लाजेपायी हातातली काठी काही सुटत नव्हती.

सिमेंटचा माल आणायला धाकटा उठला. आधी तळवा भिंतीवर, मग एक श्वास, मग पाय. हे उठणं थोरल्याच्या ओळखीचं होतं. ऑपरेशनच्या आधी कितीतरी दिवस तो स्वतः असाच उठायचा आणि कुणी बघितलं तर कंबर धरली म्हणायचा.

“दुखतंय का रे?”

“कंबर धरलीय जरा.”

माल आणून धाकटा पुन्हा बसला. रबरी हातोड्याने एकेक लादी ठोकून बघू लागला. ठक्, ठक्... आणि कोपऱ्यातली बोलली पोकळ. खाली माल भरला नव्हता. माल ओला आहे तोवर उचलली नाही तर नंतर फोडावीच लागते. विचार करायला वेळच मिळाला नाही – काठी कधी पडली, तो कधी वाकला, उजवा गुडघा गार जमिनीवर कधी टेकला, कळलंच नाही. थापीच्या टोकाने त्याने लादी अलगद उचलली, माल सारखा केला, लादी बसवली, ठोकली. भरीव आवाज आला. केवढं बरं वाटलं. कुठेही कळ नव्हती.

मग मान वर करायचा धीर होईना. तो कण्हत उठला, जरा जास्तच कण्हला, काठी उचलली आणि डाव्या पायाने लंगडत भिंतीकडे निघाला.

“दादा,” धाकटा खाली बघतच म्हणाला, “उजवा होता.”

रागाने म्हणाला असता तर सोसलं असतं. पण आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं; ही गोष्ट त्याला आज कळली नव्हती. म्हणजे इतके दिवस हा... ठक्, ठक्, हातोडा पुढच्या लादीवर गेला. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. दोन्ही पाय धड होते, आणि पुढचं पाऊल कुठल्या पायाने टाकायचं ते त्याला कळेना.