ऊन खाल्लेली पाठ

काकाच्या पाठीवर अ‍ॅलर्जीच्या चाचणीसाठी चिकटपट्टीचे दहा चौकोन होते. मणक्याच्या डावीकडे पाच, उजवीकडे पाच. प्रत्येकाखाली एकेका संशयिताचा ठिपका. पहिल्यात रबर, दुसऱ्यात निकेल, तिसऱ्यात क्रोमेट, म्हणजे सिमेंटमध्ये असणारा क्षार. दहाव्यात तुलनेसाठी नुसतं मलम. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा पाहिली. दहाही जागा कोऱ्या.

"पास झालो," काका म्हणाला.

काका गवंडी. गिलाव्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण वर्षभर त्याच हातांना भेगा पडत होत्या. सिमेंटची अ‍ॅलर्जी निघाली तर थापी कायमची खाली ठेवायची, हे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. मी त्यांच्याच दवाखान्यात तंत्रज्ञ. नात्यातला पेशंट म्हणून काकाचं काम माझ्याबरोबरच्या दुसऱ्या तंत्रज्ञाकडे होतं.

संध्याकाळी काकाच्या घरी गेले तेव्हा काकू त्याच्या शर्टाची बटणं काढत होती. त्याची बोटं वाकत नव्हती. शर्ट उतरला आणि मला खटकलं. काका कामावर कधी उघडा नसतो, पण पाठ मनगटांइतकी रापलेली होती.

"काकू, पाठ अशी कशी झाली?"

"विचार त्यांनाच. तपासणीआधी पंधरा दिवस गच्चीवर पालथे पडून होते, वाळत घातलेल्या सतरंजीसारखे."

"परीक्षेला तयारी नको?" काका म्हणाला. "उन्हानं कातडी कणखर होते. तुमच्या औषधांना दाद देत नाही."

"काका, तू पहारेकऱ्यांना सुट्टी दिलीस."

"कुणाला?"

"त्वचेत काही पेशी असतात. परकं काही आलं की शरीराला खबर देतात. उन्हातली अतिनील किरणं भरपूर लागली की त्यातल्या बऱ्याच पेशी जागा सोडून जातात, आणि 'जाऊ दे, जाऊ दे' म्हणणाऱ्या पेशींचं फावतं. तुझ्या पाठीनं क्रोमेटकडे काणाडोळा केला असेल."

"मग हातांनाही ऊन देतो. मिटलं."

"हात दिवसभर सिमेंटात असतात, त्यांना ऊन किती पुरणार? आणि हेच पहारेकरी बिघडलेल्या पेशीही पकडतात, पुढे ज्यांचा कर्करोग होतो त्या. त्यांना किती दिवस घरी बसवशील?"

काका टॉवेल खांद्यावर टाकून मोरीकडे वळला.

"दीड महिना पाठ झाकून ठेव. मग पुन्हा चाचणी करू."

"पास झालेल्याला पुन्हा बसवतात का कुठे, शास्त्रज्ञ?"

"तिचं ऐका जरा," काकू म्हणाली. "बटणं मला लावावी लागतायत."

तो ऐकायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी कामावर गेलासुद्धा.

त्या आठवड्यात त्याचा विसरलेला चष्मा द्यायला मी बांधकामावर गेले. तो जिन्याजवळची भिंत गुळगुळीत करत होता. थापी फिरली आणि ओल्या गिलाव्यावर बारीक लाल रेघ उमटली. त्यानं ती पुसून वरून माल ओढला. थापीच्या पुढच्या हाताला रेघ परत आली. अंगठा पार फुटला होता. त्यानं थापी पाटीत ठेवली आणि अंगठा चड्डीला पुसला.

"किती दिवस झाकायची म्हणालीस?"

दीड महिना तो घरातही बनियन घालून वावरला. "लग्नात एवढे लाजले नव्हते," काकू म्हणायची.

दुसऱ्या वेळी, काकाच्या हट्टाखातर, पट्ट्या मीच लावल्या. पाठ बरीच उजळली होती. चौकोनांची जागा तीच, क्रमही तोच. शेवटच्या तपासणीला काका पालथा पडून होता, हनुवटी मुठींवर.

"सांग, शास्त्रज्ञ. जे असेल ते सांग."

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला आणि मोजपट्टी माझ्या हातात दिली. सिमेंटमधल्या क्रोमेटच्या जागी लाली, फुगवटा, बारीक फोड. व्यास नऊ मिलिमीटर. बाकी नऊ जागा कोऱ्या.