डाव्या खांद्यामागची ऊब

मित्रांनो, घोड्याचं अंग घासायचा मी एक जुना खरारा. लोखंडी दातांच्या पाच ओळी आणि वर लाकडी मूठ, एवढाच माझा जीव. मधले तीन दात पडलेत, त्यामुळे हसलो तर तुमच्यातल्या पहिलीतल्या मुलांसारखाच दिसेन. पण आजची गोष्ट हसण्याची नाही.

लोहाराने मला घडवलं आणि काकांच्या हाती दिलं. काका लिलावाच्या आवारात घोडे पारखायचे. जनावर कसं आहे ते त्यांनी सांगायचं, मगच बोली लागायची. दुसरे पारखी चाल बघत, दात बघत आणि मोकळे होत. काका मात्र शेवटी डोळे मिटत आणि मला मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवत. मी जरा अडखळलो की त्यांची बोटं थांबत. "इथं आत गाठ आहे," ते म्हणत, आणि ती असायचीच. "काकांच्या बोटांना डोळे आहेत," असं सगळं आवार म्हणायचं. मला किती अभिमान वाटायचा!

पुढे त्यांची बोटं बधिर होत गेली. गरम चहाचा पेला ते तसाच धरून बसत. लेक ओरडायची, "अहो बाबा, भाजेल ना!"

"माझी कातडी घोड्याची आहे गं," म्हणून ते हसण्यावारी नेत. माझी मूठ मात्र दिवसेंदिवस जास्त घट्ट आवळली जाई. मला कळत होतं. पण सांगू कुणाला?

एका सकाळी आवारात एक घोडी आली. पुढचे दोन दुधाचे दात नुकतेच पडलेले, म्हणजे अडीच वर्षांची पोरच. खूर वाढून पुढे वळलेले, आयाळीच्या जटा झालेल्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तरी तिने काकांचा खिसा हुंगला आणि मान त्यांच्या छातीला टेकवली.

काकांनी डोळे मिटले. डाव्या खांद्यामागे चिखलाने चिकटलेल्या केसांवर मी आलो आणि दचकलो. तापलेल्या बाळाच्या कपाळासारखी ऊब होती तिथं. केसांखाली जखम चिघळली होती. मी अडखळलो, माझे दात अडकले. काकांना वाटलं, चिखलच आहे. त्यांनी मला आणखी दाबलं. घोडी कळवळून उसळली आणि तिने लाथ झाडली.

मुलांना घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या बाई कठड्याशी उभ्या होत्या. ही पोर त्यांच्या मनात भरली होती. "काका, हिला खाऊपिऊ घालून उभी करीन मी. मुलांना चालेल ना?"

"नको ताई. अंगाला हात लावू देत नाही. खोड आहे. एखादं लेकरू पाडेल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे..." बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

विटांची गाडी चालवणारा हसला. "आमच्याकडे द्या. चार दिवस गाडी ओढली की कसली खोड अन् कसलं काय!" त्याने तिला नेलं. गाडी ओढायचा पट्टा बरोबर त्या जखमेवर बसणार होता.

दुपारी लेक मला धुवायला बसली. माझ्या दातांतून केस काढता काढता तिचा हात थांबला. केसांबरोबर पू होता, रक्त होतं.

"बाबा, ही खोड नव्हती हो. जखम होती."

काकांनी स्वतःची बोटं डोळ्यांपुढे धरली, जणू परक्याची होती. "मला कळलंच नाही गं," ते म्हणाले. मग उठून फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर चाकांचे चिखलातले ठसे होते, बाकी काही नव्हतं. पुढे कितीतरी दिवस दोघं वीटभट्ट्या धुंडाळत फिरली. ती सापडली नाही.

काकांनी पारख सोडली. आता लेक पारखते, नव्या खराऱ्याने. मी खिळ्यावर असतो. कधीमधी काका मला उतरवतात, माझे दात बोटांवर दाबतात आणि वाट पाहतात.

मित्रांनो, मला कुणी घासूनपुसून ठेवावं, असं माझं मागणं नाही. फक्त तुमचा हात लागून कुणी दचकलं, चिडलं, लाथ झाडली, तर 'खोड आहे' म्हणण्याआधी एकदा केस बाजूला करून बघा. ती पोर सांगत होती. मलाही कळलं होतं. मला वाचा नव्हती, तुम्हाला आहे.